छत्तीसचा आकडा

टोकन मिळालं सत्तेचाळीस.
साउथ तुकोगंजातला हॉल, पंखे फिरतात
पण वारा खाली पोचत नाही.
एका टेबलावर होळकरी नाणी, पुढच्यावर काड्यापेट्यांची लेबलं,
आणि भिंतीलगत आमची रांग:
बिस्किटांचे डबे, बुटांची खोकी, एकाकडे चक्क टिफिन.
माझ्याकडे कंपासपेटी.
झाकणावर खिळ्यानं कोरलेलं, उल्हास, सातवी ब.
आत च्युइंगमबरोबर मिळायचे ते क्रिकेटचे पत्ते, एकशे बारा.
वास मात्र शिसपेन्सिलीचा.

फॉर्मवर 'मालक' असा रकाना होता.
दादा देवासला असतो. फोनवर म्हणाला, देऊन टाक गं विजू,
मला काय करायचेत.
तरी त्याचंच नाव घातलं.
'घोषित किंमत'. मागचा मुलगा म्हणाला, अंदाजे टाका, आंटी.
वीज मंडळात तेहतीस वर्षं
मी अंदाजेच बिलं काढली होती. टाकली.

रामबागेतला ओटा, मे महिना.
पत्ता छातीशी धरायचा, म्हणायचं: धावा, किंवा बळी.
ज्याचा आकडा मोठा त्याचे दोन्ही पत्ते.
माझ्याकडे एक उंच गोलंदाज होता, चौऱ्याऐंशी बळींचा,
त्याच्या जिवावर मी अख्खी सुट्टी जिंकत आले होते.
शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी
दादा म्हणाला, बळी. सगळे लाव. पेनसुद्धा.
आणि काढला शहाऐंशी:
एक बारका फिरकीवाला,
ज्याचं नाव तेव्हाही कुणाला नीट येत नव्हतं.
पेन मामानं ग्वाल्हेरहून आणलेलं, काळ्या शाईचं.
मी जेवले नाही. आई म्हणाली, हरायला शीक.
शिकले. बऱ्यापैकी शिकले.

अर्पित छाजेड, असेल पंचविशीचा,
पांढरे हातमोजे, बोलणं हळू,
जणू पत्ते झोपलेत.
कोपरे बघतो, कडेवरून नजर फिरवतो,
चित्र चौकटीत किती सरकलंय ते पट्टीनं मोजतो.
एकाला साडेसहा मिळाले. एकाला दोनच,
तो दादाच्या चड्डीच्या खिशात धुतला गेला होता.
मग फिरकीवाला.
भिंग. पुन्हा भिंग.
मग जांभळा दिवा.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
मॅडम, ये तीन था.

मी वाकले.
छापील इंग्रजी तिनाला डावीकडून
दोन इवल्या कमानी, दिव्याखाली तपकिरी,
इतक्या जपून जोडलेल्या
की मला दातांत धरलेली त्याची जीभ दिसली.
घरात काळी शाई
एकाच पेनात होती.

फेरफार असेल तर गुण नाहीत, अर्पितनं नियम सांगितला.
बाकीचे प्लास्टिकमध्ये सील करतो, हा घरी न्या.
मी म्हटलं, गुण नकोत. सील कर,
वर ठळक लिही, 'फेरफार'.
फी तेवढीच पडेल, किंमत काहीच राहणार नाही.
चालेल.
आणि तो फॉर्म दे जरा इकडे.
'मालक' समोरचं उल्हास खोडलं, माझं नाव घातलं,
शेजारी सही केली, तारीख टाकली,
खाडाखोड झाली की ऑफिसात करतात तशी.

बाहेर पायरीवर आले तर त्याचाच फोन.
काय, किती निघाले?
छत्तीस, मी म्हटलं.
बराच वेळ देवासहून
फक्त कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज येत राहिला.
मग दादा म्हणाला,
वाळतच नव्हती गं तुझी शाई.
फुंकर घालून घालून
गाल दुखले होते माझे.