सहाच्या ठोक्याला

कुल्याशच्या टेबलावर सहा बाटल्या.
पहिलीत नळीतलं पाणी,
दुसरीत त्याचा दहावा हिस्सा,
तिसरीत दहाव्याचा दहावा,
असं विरळ करत करत सहावीपर्यंत,
जिथं खरं तर काहीच उरू नये.

प्रत्येकीत एक खिळा.

सोमवारी पहिली काळी पडली.
मंगळवारी आणखी दोन.
शुक्रवारी सकाळी सहावीसुद्धा,
आणि तिनं वहीत लिहिलं:
एका थेंबाच्या आसपास, हजारो.

बाहेर मंगिस्ताऊचा माळ, उणे अठरा.
तेल गोठू नये म्हणून तापवतात,
म्हणून उंट नळीला पाठ लावून बसतात.
आत काय चाललंय ते त्यांना कशाला कळेल.

कॅस्पियनचं पाणी जमिनीत ढकललं आपणच,
तेल वर यावं म्हणून.
तेल आलं. पाण्याबरोबर तेही आले,
ज्यांना हवा लागत नाही,
खारातल्या गंधकावर ज्यांचा श्वास चालतो.
लोखंड ते खात नाहीत, कुल्याश सांगते,
फक्त उच्छ्वास सोडतात.
नासलेल्या अंड्याचा तो वास
तिच्या केसांतून रविवारीही जात नाही.

दर पंधरवड्याला औषध सोडतात,
दट्ट्या फिरवून नळी खरवडतात.
वरचे मरतात.
खालचे आपल्या बुळबुळीत सायीखाली
पाहुणे जायची वाट बघतात.

नळीला घड्याळ मानायचं: माथ्यावर बारा, तळाशी सहा.
सहावर पाणी साचतं, गाळ बसतो.
सहावरच भोक पडलं.

कापलेला तुकडा बघायला येसेनबाय आला,
निवृत्त वेल्डर, एका कानानं बहिरा.
सत्त्याऐंशी साली हा जोड त्यानंच मारला होता,
नंबर अजून वाचता येत होता, चौदा.
"माझ्या जोडावर गेलं का?"
"नाही. दोन वितीवर."
तो वाकला. खळग्यात अंगठा घातला.
बेतानं बसला अंगठा,
जणू माप घेऊनच कोरलंय.
बराच वेळ त्यानं तो काढला नाही.

मग म्हणाला, हा तुकडा मला द्या,
उभा चिरून उंटांना पाणी पाजायला डोण करीन.

कुल्याश म्हणाली, अहो, भोक आहे त्याला,
पाणी राहील कसं?

"नको राहू दे," येसेनबाय म्हणाला,
"मुरतंय कुठं ते तरी दिसेल."