नेलं, आणलं

वही माझ्याकडे आली तेव्हा तिला पुठ्ठा नव्हता.
दुर्गाकांत शेटकारांनी ती कॅलेंडरच्या पानात गुंडाळून दिली,
म्हणाले, "अक्षर बरं आहे तुझं, सांभाळ.
आणि कुणाला नाही म्हणायचं असेल
तर आधी चहा दे."

दोनच रकाने. नेलं. आणलं.
मधे पट्टी न लावता ओढलेली रेघ,
शिरोड्याहून बोरीला जाणाऱ्या रस्त्यासारखी
जागा मिळेल तशी वळणारी.

फुटबॉल क्लबने नेले: बांबू अठरा, सुंभाचा गुंडा एक.
आणले: बांबू सतरा.
अठराव्याचं काय झालं
ते सेमीफायनल पाहिलेल्यांना ठाऊक आहे.

बायकांच्या बचत गटाने नेलं: मोठं तपेलं, दोन डाव.
आणलं: तपेलं, चिंचेने घासून लख्ख,
दोन डाव, आणि एका डब्यात खतखतं.
डब्याची नोंद कुठे करावी
या विचारात मी तो रिकामा केला.

दरबाराचा पडदा मिनीनच्या तियात्रवाल्यांनी नेला होता.
परत आला तो तिसऱ्या खांबाला भोक पडून.
हॅलोजन जवळ ठेवला होता म्हणे.
मंडळात दोन रविवार आवाज चढले.
मग मिनीनची मावशी पिएदाद सुई घेऊन आली,
दुपारभर स्टेजवर मांडी घालून बसली,
आणि राजवाड्याला तिथे आता एक निळी खिडकी आहे
जी रंगाऱ्याने काढलीच नव्हती.
परवा तालमीत आमचा राजा
स्वगताच्या मधोमध तिच्यातून बाहेर बघायला लागला.
कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

काही पानांवर तारीख आहे
आणि पुढे नुसती मोकळी जागा.
पहिल्या वर्षी मला वाटलं, विसरले असतील.
मग आमच्याच दारात खुर्च्या आल्या,
ताडपत्री आली, पाण्याचे पिंप आले,
मागायला कुणी गेलंच नव्हतं.
तेराव्यानंतर मी वही उघडली
आणि बाबांची तारीख लिहून
पुढे काहीच लिहिलं नाही.

या वर्षी मे महिन्यात पेच पडला.
देवळाचा वर्धापनदिन आणि वाड्यावरच्या खुरसाची लादायन
एकाच संध्याकाळी,
आणि खुर्च्या एकूण एकशे चाळीस.
सोयरू गावडे आला, पाठोपाठ कायतान.
मी दोघांना चहा दिला.
बराच वेळ दोघं बशीकडे बघत बसले.

शेवटी कायतानने विचारलं, "नाटक कितीला?"
"साडेदहा," सोयरू म्हणाला. मग खरं बोलला: "साडेअकरा."
"आमची प्रार्थना आठला सुटते. चणे वाटून नऊ.
वेंतूरचा पिकअप आहे."
"आणि डिझेल?"
"अर्धं अर्धं."
"जातलें," म्हणाला सोयरू, आणि चहा मग प्याला. गार.

दहाला पिकअप देवळामागे लागला.
पोरं साखळी करून उभी राहिली,
शर्टाला मेणबत्तीचा वास असलेली अर्धी,
उरलेली कपाळाला गंध लावलेली,
आणि खुर्च्या हातावरून हात पुढे गेल्या.
पाठीवर कुठे क. मं., कुठे यु. क्ल., बऱ्याचशा पुसलेल्या.
दुसऱ्या अंकात पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना
बुडाखाली काही टोचलं.
उकडलेला चणा. त्यांनी तो पुसला, खाल्ला,
आणि नजर पुन्हा राजावर.

पहाटे मी मोजायला गेले.
एकशे एक्केचाळीस.
पुन्हा मोजल्या. सोयरूकडून मोजून घेतल्या.
एक जास्तच.
तपकिरी, एका हाताला तार गुंडाळलेली,
क्लबची नाही, खुरसाकडची नाही, आमचीही नाही.
सगळ्यांना विचारून झालं.

"आणलं"खाली लिहिली आहे: खुर्ची, एक.
"नेलं"खाली कोरं.
कुणी न्यायला येईपर्यंत
मी तिच्यावरच बसून वही लिहिते.