फुंकनळी

सीपीआरच्या दुसऱ्या मजल्यावर, शेवटच्या खोलीत,
मुजावरांच्या नाझनीननं माझा उजवा पंजा उलटा-सुलटा केला
आणि विचारलं, "मावशी, हा शेवटचा कधी रिकामा होता?"

मी हुपरीची. चाळीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडते.
एका हातात चिमटा, दुसऱ्यात कडी,
ओठांत फुंकनळी, पुढ्यात दिव्याची ज्योत.
श्वास ही छातीत भरायची वस्तू आहे
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
तो ज्योत वाकवायचं अवजार.
नाकातून चोरून घ्यायचा, गालात साठवायचा,
सुतासारखा बारीक सोडायचा,
डाख पाण्यासारखा पळेपर्यंत.
जास्त झाला तर कडी वितळते.
कमी पडला तर सांधा तुटतो
कुणाच्या तरी लग्नात, कुणाच्या तरी पावलात.

मालक शनिवारी चांदी तोलायचा, तुटफुट वजा करायचा.
श्वासाचं वजन कधी निघालं नाही.

आता सकाळी अंगठा वाकत नाही.
भाकरी मोडायला डावा हात लागतो.

"हात मांडीवर उताणा ठेवा," नाझनीन म्हणाली,
"श्वास आत येताना बोटं उघडा,
जाताना मिटा. मूठ नको. नुसती मिटा."
मूठ आणि मिटणं यातला फरक कळायला
मला तीन खेपा लागल्या,
म्हणजे बसची सहा तिकिटं.

तिसऱ्या खेपेला म्हणाली,
"आता हाच हात छातीवर ठेवा
आणि विचारा स्वतःला, बरी आहेस का."
बाकड्यावरच्या बायका बघत होत्या.
मी म्हटलं, "पोरी, असले लाड आमच्यात नसतात."
ती नुसती हसली. "मग घरी करा. दार लावून."

दसरा चौकात बसची वाट बघताना
मी पदराआड बोटं उघडून बघितली.
शेजारच्या माणसाला वाटलं, सुट्टे मोजते आहे.

रात्री खोलीचं दार लावलं.
चाळीस वर्षांत किती कड्या लावल्या कुणास ठाऊक,
स्वतःसाठी लावलेली ही पहिलीच.
बाहेरून सून म्हणाली, "आत्या, बरं न्हाई व्हय?"
"बरं हाय," म्हटलं, "काम करतोय."

काम म्हणजे काय तर
करंगळी, अनामिका, मधलं, एकेक उघडत गेले.
तळव्यावर जुने भाजल्याचे ठिपके,
तर्जनीच्या टोकाला टाकणखारानं गुळगुळीत झालेली कातडी
जिथं आता ठसाही नीट उमटत नाही;
रेशनच्या मशीननं मला दोनदा नाकारलंय.
श्वास सोडताना ओठ आपोआप गोल झाले.
बारीक धार निघाली,
आणि समोर ज्योत नव्हती.
कुठं जायचं ते त्याला कळेना.
अंधारात जरासा घुटमळला,
कोनाड्यापर्यंत जाऊन आला.
मी येऊ दिला.

मग हात छातीवर ठेवला.
खरबरीत बोटं पदराच्या धाग्यात अडकली.
आत हातोडीसारखं काहीतरी चाललेलं,
पण कुणाची ऑर्डर नसलेलं.
बरी आहेस का, हे काही तोंडातून निघेना.
पुस्तकातलं वाटत होतं.
शेवटी जे कुणालाही विचारता येतं
तेच विचारलं:
"जेवलीस का गं?"

बराच वेळ कुणी बोललं नाही.
हात वर-खाली होत राहिला.
मग आठवलं, दुपारी चहावरच भागवलं होतं.

अंगठा अजून सकाळी वाकत नाही.
मी त्याच्यामागं लागत नाही.
ज्योतीपुढं बसले की मात्र
दहा-पंधरा कड्यांनंतर फुंकनळी खाली ठेवते
आणि एक श्वास आतच राहू देते.
शनिवारी तागडीत
तेवढी चांदी कमी भरते.