आठ प्रती

श्रेणूला शाळेत घालायचं म्हणून
फोटो काढायला गेलो मारुती चौकात,
बाबगोंडाअण्णांच्या स्टुडिओत.
स्टूल उंच. तिचे पाय अधांतरी लोंबत होते.
डाव्या कानापासून ओठाच्या कडेपर्यंत
तिचा डाग, पिकल्या जांभळाच्या रंगाचा,
थंडीत गडद होतो, रडली की आणखी.

"हनुवटी वर घे, बाळ," अण्णा म्हणाले.
बाकी काही विचारलं नाही त्यांनी.
मला बरं वाटलं.
एरवी दळणाच्या रांगेत, मिरजेच्या बसमध्ये
कुणीतरी विचारतंच,
भाजलं का हो? ग्रहण पाळलं नव्हतं?
एकीनं तर पदराचं टोक थुंकीनं ओलं करून
पुसूनच पाहिलं होतं.
आणि मी हसले होते तेव्हा, चारचौघांत.
ते हसणं अजून घशाखाली उतरत नाही.

अर्ध्या तासानं पाकीट हातात आलं.
आठ प्रती. आठही गाल साफ.
"कॉम्प्युटरवर काढून टाकला.
त्याचे पैसे नकोत, वहिनी. लेकराचं काम."
माणूस मनानं चांगला. तेच तर अवघड.

खरं सांगते,
मी त्या गालाकडे पाहत राहिले.
किती वेळ, ते सांगणार नाही.

श्रेणूनं फोटो ओढून घेतला,
उलटा करून पाठ पाहिली,
पुन्हा सुलटा.
"ही कोण गं?
हिनं माझा फ्रॉक का घातलाय?"

अण्णांच्या मागे भिंतीवर
एक निळी आडवी रेघ.
पुराचं पाणी इथवर आलं होतं.
दर दिवाळीला भिंत रंगवतात ते,
रेघ तेवढी सोडून.
येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात,
अभिमानानं की कशानं, त्यांचं त्यांना ठाऊक.
मी तिकडे पाहिलं. मग त्यांनीही.
चष्मा काढून पुसला, उगीच.
"दुसरे काढून देतो," म्हणाले.

श्रेणू परत स्टुलावर चढली.
या वेळी हनुवटी आपणहून वर.

नवे फोटो शाळेत गेले, आधारला गेले,
एक रिक्षावाल्या रफिकमामांनी मागून घेतला,
आरशाशेजारी लावलाय.
जुने मी त्याच रात्री फाडले.
सात.
आठवा कपाटात आहे,
कुकरच्या वॉरंटी कार्डाखाली.
एक दिवस तिच्या हाती लागेल.
तेव्हा काय सांगायचं,
ते भाकरी थापताना जुळवते रोज,
आणि रोज
पहिल्याच वाक्याला अडते.