अकरा ताटल्या

लॅम रोडवरचा बंगला रिकामा झाला तेव्हा
मुनाफ कोकणीने माझ्यासाठी रिक्षा पाठवली.
"मॅडम, फुलांची नावं सांगा फक्त.
नाव असलं की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही."

एकतीस वर्षं कॉलेजचं हर्बेरियम सांभाळलंय मी,
वाळक्या फांद्या टाचल्यात जाड कागदावर.
म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.

गुजराती पेपरांत गुंडाळलेल्या अकरा ताटल्या.
बारावी कुठे, हे विचारायला खोरशेदबाई नाहीत.
कडेची सोनेरी रेघ सुरी-काट्यांनी झिजलेली,
आणि प्रत्येकीत एकच झाड, मुळासकट.
मुळासकट!
माती झटकून, अंजनेरीवरून आम्ही आणायचो तसं,
ओल्या पंच्यात.

लिहीत गेले: खसखस. जवस. रानगुलाब.
चौथीवर हात थांबला.
अगं आंबुशी, तू इथे?
माझ्या मोरीच्या तोंडाशी उगवतेस,
दर रविवारी उपटते मी तुला,
आणि तू इकडे शंभर वर्षं
धानसाकखाली ऐटीत बसलेली!

सातवीवरचं झाड कुठल्याच कुळात बसेना.
पानं एका घरची, फूल दुसऱ्या,
शेंग तर उसनी आणलेली.
रंगवणारीपुढे (बाईच असणार)
त्या दिवशी झाड नसावंच. आठवलं तसं काढलं.
मी रकान्यात लिहिलं: माहीत नाही.
नोकरीत हे दोन शब्द
कुणी लिहू दिले नव्हते मला.

अकरावी दुभंगलेली. पाठीला तीन पितळी टाके.
तांबट लेनमधलं काम, मुनाफ म्हणाला.
घागरी ठोकणाऱ्या हाताने
चिनी मातीला अर्ध्या जाडीपर्यंतच भोक पाडलेलं,
आरपार नाही.
"पण टाके म्हणजे भाव निम्मा."
पानावर एक भुंगा. अंगठ्याला खडबडीत लागला.
"भट्टीत फोड आला की त्यावर किडा काढायचे,
ऐब झाकायला."
हे मात्र मला माहीत नव्हतं.

पैसे नको म्हटलं, ही दे.

आता रात्रीचा आमटीभात तिच्यातच.
टाक्यांतून थेंब झिरपत नाही.
भात सरत येतो, भुंगा वर येऊ लागतो,
आणि सगळं ठाऊक असून
रोज माझं बोट
त्याला हाकलायला जातं.