शून्य एक चार

संमतीपत्र अठरा पानांचं.
मराठीतलंच, पण कुणाच्या घरात बोलत नाहीत असलं मराठी:
'सहभागीस प्रत्यक्ष लाभ होईलच असे नाही.'
मुजावरांची पोरगी, तिथली समन्वयक, म्हणाली,
'मामा, अंगठा उठवला तरी चालतंय.'
मी म्हटलं, सही करणार.
अठरा पानांवर अठरा.
एकही दुसरीसारखी आली नाही.
बँकेनं नसती घेतली. तिनं घेतली.

त्या दिवसापासून मी शून्य एक चार.
सुतार हे आडनाव बंद पाकिटात गेलं.

गोळी पांढरी, बारकी. खरी की खडूची,
डॉक्टरांना ठाऊक नाही, पोरीला नाही, मला तर नाहीच.
बायको रोज विचारायची, 'आजची खरी वाटली का?'
गंगावेशीत म्हैस डोळ्यांसमोर पिळायला लावणारी बाई,
तिला हे कसं पटावं.

दर महिन्याला उचगावहून केएमटीनं राजारामपुरी.
तिसऱ्या मजल्यावर रक्त, बी.पी., आणि एक कोरा कागद:
'ठिपक्यापासून वेटोळं काढा, मामा.
रेघेला रेघ लागू द्यायची नाही.'
हसू आलं.
एकतीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न घडवले,
सागवानी पंप, सागवानी गिअर.
अर्ध्या सुतानं चुकलं तर मालक तोंड फिरवायचा.
लाकूड वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं,
उरल्या खळग्यात लोखंड.
मशीन गावोगाव जायची,
लाकूड मागच्या खोलीत धुरळा खात.
आणि पॅटर्न नगापेक्षा जरा मोठाच करायचा,
ओतीव निवताना आखडतं, त्याची सूट धरून.

कुणासाठी हे, असं बायकोनं विचारलं
तेव्हा एवढंच सांगता आलं.
ती म्हणाली, 'तुम्ही लाकूड नव्हं.'
खरं आहे. लाकडाला उलट्या होत नाहीत.
मला सहाव्या आठवड्यात झाल्या, तीन दिवस.
त्याही फॉर्मवर लिहिल्या, वेळेसकट.

अकराव्या आठवड्यात कप बशीवर वाजला नाही.
कुणीच काही बोललो नाही.
ती ओट्याकडं तोंड करून उभी राहिली,
पाखरू बसलंय खिडकीत, अशी.

अठराव्यात वाजला.

परवा शेवटची भेट.
पोरीनं उरलेल्या गोळ्या मोजून घेतल्या, भाड्याचे दोनशे दिले.
'निकालाला दोन-तीन वर्षं, मामा.
कुणाला काय मिळालं, ते तेव्हाच.'
माझी तेरा वेटोळी मागितली. देता येत नाहीत म्हणाली,
पण फाईल मिटायला जरा वेळ लावला तिनं.
तिसरं बघण्याजोगं होतं.
शेवटचं मालकाला दाखवलं नसतं.

उतरताना जिन्यात एक जण भेटला,
चाळिशीचाही नसेल, डावा हात खिशात दाबून धरलेला.
मी त्या खिशाकडं बघितलं. त्यानं माझ्या हाताकडं.
'तिसरा मजला ना?'
'तिसरा. सही येते का?'
'येते. येते तशी.'
'मग अंगठा देऊ नका.'