एकच कातणं

साडेअकराला उजाडलं, तेही कसंबसं;
तीनच्या आत पुन्हा मिटेल.
हुसाविकच्या या अंगाला डिसेंबर म्हणजे
दिवसाच्या नावाखाली चिमूटभर निळी राख.

उकळतं दूध घालून मळलेलं पीठ
रात्रीच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं.
आता लाटते आहे. इतकं पातळ
की खालचं वर्तमानपत्र वाचता यावं.
माझी आई खरंच वाचून बघायची;
मासळीचा भाव दिसला की म्हणायची, झालं, उचल.

ताटली उपडी ठेवून गोल कापायचा,
गोलावर बाणाच्या टोकांसारख्या चिरा, एकाखाली एक,
मग सुरीच्या अणीनं एकेक पान उचलून
पुढच्यावर मुडपायचं, वेणी घालावी तसं.
दोन माणसांचं काम.
एकानं कातायचं, एकानं उचलायचं.
आणि कातणं घरात एकच. पितळेचं,
चाकाचा एक दात पडलेला.
तो कुणी पाडला
यावर तीस वर्षं एकमत नाही.

यंदा टेबलाच्या या टोकाला स्टेइन्वोर,
उजवा हात प्लास्टरमध्ये:
शाळेच्या पायरीवरच्या बर्फानं घात केला.
त्या टोकाला तोर्फी.
मधे ब्योर्त, तोर्फीची, सात वर्षांची,
आणि मधे ती बोटही,
वडिलांच्या मागे दोघांची झालेली,
मार्चमध्ये त्यानं हिला न विचारता विकलेली.
टेबल सहा फुटांचं, बोट अकरा मीटरची.
कशी मावली कोण जाणे.

"ब्योर्त, आत्याला म्हणावं, कातणं दे."
"ब्योर्त, बाबाला सांग, माझं झालं नाही."
पोर इकडून तिकडे, पिठानं पांढरी.
मी तळणीपाशी, पाठ करून.
कानांना मात्र पाठ नसते.

"आज्जी, खायचंच आहे तर नक्षी कशाला?"
पीठ थोडं असायचं गं इथे, म्हटलं,
थोडं असलं की माणूस त्याच्याकडे नीट बघतं.
हे मी कुठे ऐकलं होतं, आठवेना.
तिलाही पटलं नसावं;
बूट चढवून ती कुत्र्याकडे गेली.

आता निरोप कुणाकडे द्यायचा?

चरबी कढईत बारीक बोलत राहिली.
स्टेइन्वोर डाव्या हातानं कातत होती,
रांग वाकडी, मग आणखी वाकडी,
आणि उचलायला दुसरा हात नाही.
एक पान फाटलं. तिनं एक शिवी दिली,
नाताळच्या आठवड्यात न शोभणारी.

मग स्टूल फरशीवर घासल्याचा आवाज.

मी वळले नाही. खिडकीच्या काचेत पाहिलं:
तोर्फी तिच्या शेजारी. सुरीची अणी.
दोरानं कापलेली जाड बोटं,
त्या बोटांवर अजून त्या बोटीचे वळ,
आणि त्यांनी तो एवढीशी पानं उचलत होता,
झोपलेल्या पिलाची पापणी उघडून बघावी तसा.

"पुढची रांग डावीकडून घे," तो म्हणाला.
मार्चनंतरचं पहिलं वाक्य.
"दात नाहीये त्याला, सरळ कसं जाईल?"
"तूच पाडलास."
"मी? तू! शेडच्या कुलपात घातलं होतंस!"
"कुलपात तू घातलं होतंस,
मी फक्त फिरवलं."

बोटीचं कुणी काढलं नाही.
ती तिथेच होती,
जरा भिंतीकडे सरकून उभी.

त्यांची ती पोळी मी तळली.
कढईत गेली की फुगून येते, चटकन काढून
झाकणानं दाबावी लागते, नाहीतर वेडीवाकडी राहते.
ही दाबूनही वेडीवाकडीच राहिली.

डब्यात त्रेचाळीस रचल्या, चोवीस तारखेपर्यंत हात लावायचा नाही.
मोडलेली मात्र त्याच दिवशी खायची,
हा आमच्या घरचा नियम.
ती मोडली नव्हती.
मी दाराकडे तोंड करून ब्योर्तला हाक मारली
आणि हातानंच मोडली,
चार तुकडे.